गल्ल्याला कोण हात लावतो ते माहीत असतं, मग नॅसला कोणती मशीन जोडली आहे ते का नाही?



एक साधा प्रश्न. तुमच्या दुकानाच्या गल्ल्याला कोण कोण हात लावू शकतं? उत्तर द्यायला दोन सेकंदसुद्धा लागणार नाहीत. मी, घरचं एक माणूस, आणि जेवणाच्या सुट्टीत आपला जुना विश्वासू माणूस. संपली यादी.

आता दुसरा प्रश्न. ऑफिसात ठेवलेल्या नॅसपर्यंत आज किती मशीन पोहोचू शकतात? किती कॉम्प्युटर, किती लॅपटॉप, किती मोबाइल? इथे मात्र बहुतेकजण छताकडे बघायला लागतात. "असतील की पाच-सहा..." गल्ल्यात दिवसाची कमाई असते. नॅसमध्ये पाच वर्षांचा धंदा असतो. तरी गल्ल्याचं उत्तर तोंडपाठ आणि नॅसचं उत्तर अंदाजपंचे.

नॅसमधली बटणं कुठे आहेत, कोणता पर्याय निवडायचा, हे व्हिडिओत स्क्रीनवर बघणं सोपं. इथे मला माझं मत मांडायचंय. ते एका वाक्यात असं: नॅसपर्यंत कोणती मशीन पोहोचणार हा निर्णय मालकाचा आहे, आणि तो कागदावर लिहिलेला असला पाहिजे. नेटवर्क जोडून देणाऱ्या मुलावर तो सोडायचा नाही. तो मुलगा केबल टाकेल, वायफाय चालू करून देईल, पैसे घेऊन जाईल. तुमच्या धंद्यात कोणावर किती भरवसा ठेवायचा हे त्याला कसं कळणार?

डबा छोटा, आत अख्खा धंदा

ज्यांनी अजून नॅस घेतलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नॅस म्हणजे नेटवर्कला जोडलेला हार्ड डिस्कचा डबा. आत दोन-चार डिस्क असतात, मागे राउटरची केबल लागते, आणि ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर त्यावर फाइल ठेवतात आणि तिथूनच उघडतात. पेन ड्राइव्ह फिरवायची गरज नाही, "फायनल", "फायनल २", "एकदम फायनल" अशा फाइल प्रत्येकाच्या डेस्कटॉपवर साठत नाहीत. तीन-चार माणसांचं ऑफिस झालं की ही वस्तू खरंच कामाची.

आत काय असतं ते बघा. लग्नाचे फोटो काढणारा स्टुडिओ असेल तर अजून न दिलेले अल्बम, व्हिडिओचं कच्चं फुटेज. ते लग्न परत लागणार नाही. फॅब्रिकेशनचं वर्कशॉप असेल तर गिऱ्हाइकाची ड्रॉइंग, जी दुसऱ्याला दाखवायची नाहीत असं तुम्ही लिहून दिलेलं असतं. कर सल्लागाराचं ऑफिस असेल तर शेकडो लोकांचे पॅन, आधार, बँक स्टेटमेंट. आणि सगळ्यांकडे समान असलेली गोष्ट म्हणजे हिशोब. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशोबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. म्हणजे सहा वर्षं. "डबा बिघडला साहेब" हे उत्तर तिथे चालत नाही.

"पासवर्ड आहे की!"

हे वाक्य मी फार वेळा ऐकतो. पासवर्ड आहे, चांगली गोष्ट आहे. पण तो कुठे राहतो?

पहिल्या दिवशी विंडोज विचारतं, "पासवर्ड लक्षात ठेवू का?" आपण टिचकी मारतो. त्या दिवसापासून पासवर्ड माणसाच्या डोक्यात राहत नाही, तो मशीनमध्ये राहतो. माय कॉम्प्युटर उघडलं की 'झेड ड्राइव्ह' म्हणून नॅस समोर हजर. त्या मशीनवर जो बसेल त्याला तो उघडा. संध्याकाळी तोच लॅपटॉप घरी जातो, मुलगा त्यावर गेम टाकतो, कुणीतरी कुठल्याशा साइटवरून फुकटचा पिक्चर उतरवतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो लॅपटॉप परत तुमच्या नेटवर्कला जोडला जातो.

इथे खरा धोका समजून घ्या. फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारे प्रोग्राम असतात, त्यांना रॅन्समवेअर म्हणतात. असा प्रोग्राम त्या लॅपटॉपवर शिरला, तर त्याला नॅसचं कुलूप फोडावं लागत नाही. झेड ड्राइव्ह उघडाच आहे. तो एकेक फाइल उचलतो, कुलूप लावतो, परत ठेवतो. नॅसला वाटतं, आपला नेहमीचा माणूस नेहमीच्या नावाने काम करतोय. नॅस दारावरच्या वॉचमनसारखं आहे. गणवेश बरोबर असला की ते आत सोडतं. गणवेशाच्या आत कोण आहे हे त्याला दिसत नाही.

म्हणून माझं म्हणणं, "पासवर्ड कोणाला माहीत आहे" या प्रश्नाने भागत नाही. "कोणत्या मशीनवरून" हा प्रश्न त्याच्या जोडीला पाहिजे. एखादं मशीन तुम्ही नॅसपर्यंत येऊ देता म्हणजे त्या मशीनच्या तब्येतीची हमी तुम्ही घेता. ज्या लॅपटॉपवर काय काय टाकलंय हे तुम्हाला माहीत नाही, त्याची हमी कशी घेणार?

आमच्यासारख्या छोट्यांना कोण विचारतंय?

"सर, आमची उलाढाल ती किती, आम्हाला कोण हॅक करणार?" हा युक्तिवाद अगदी सरळ वाटतो. पण तो एका गैरसमजावर उभा आहे. हल्ला करणारा तुमचं दुकान शोधत नसतो. त्याचा प्रोग्राम इंटरनेटवर उघडी दारं शोधत फिरत असतो. दार उघडं दिसलं की आत. मालक पुण्याचा आहे की पनामाचा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

गेल्या काही वर्षांतली उदाहरणं बघा.

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' जगभर पसरलं. विंडोजमध्ये फाइल शेअर करण्याची जी जुनी पद्धत होती, एसएमबीची पहिली आवृत्ती, तिच्यातल्या भोकातून ते एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर आपोआप उड्या मारत गेलं. मायक्रोसॉफ्टने ते भोक बुजवणारं अपडेट मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधी, दिलेलं होतं. ज्यांनी टाकलं नव्हतं ते सापडले.

एप्रिल २०२१ मध्ये 'क्यूलॉकर' आलं. इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅप कंपनीच्या नॅसमध्ये शिरून त्याने फाइल सेव्हन-झिपमध्ये पासवर्ड लावून बंद केल्या आणि ०.०१ बिटकॉइन मागितलं. रक्कम बघा. मोठ्या कंपनीला त्याचं काहीच वाटलं नसतं. ती छोट्या माणसाला परवडेल अशीच होती. छोटा माणूस हाच त्यांचा गिऱ्हाईक होता.

त्याच वर्षी जूनमध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'माय बुक लाइव्ह' या जुन्या डब्यांचं काय झालं? लोक सकाळी उठले तर डबा रिकामा. कोणीतरी इंटरनेटवरून त्यांना फॅक्टरी रीसेट करून टाकलं होतं. खंडणीची चिठ्ठीसुद्धा नाही. त्या मॉडेलला कंपनीने २०१५ नंतर अपडेट दिलेलं नव्हतं, पण डबा चालत होता म्हणून लोक वापरत होते.

जानेवारी २०२२ मध्ये 'डेडबोल्ट'. पुन्हा क्यूनॅपचे इंटरनेटला उघडे डबे, मागणी ०.०३ बिटकॉइन. तेव्हा कंपनीने ग्राहकांना काय सांगितलं? नॅस इंटरनेटवर उघडं ठेवू नका, राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग आणि यूपीएनपी बंद करा.

यात एका कंपनीचा डबा वाईट आणि दुसरीचा चांगला असं मला म्हणायचं नाही. भोकं सगळ्यांच्याच वस्तूत सापडतात. शेवटच्या तीन उदाहरणांत डबा जगातल्या कुठल्याही अनोळखी मशीनला बोलायला मोकळा होता, आणि वॉनाक्रायला आतलं एक मशीन बाकीच्या सगळ्यांशी बोलू शकत होतं हे पुरेसं झालं. आपल्यात म्हण आहे ना, आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. दळण तुमचं, कष्ट तुमचे. जात्याशी कोण बसलंय एवढं बघा, इतकंच माझं म्हणणं.

आधी वही, मग सेटिंग

यूट्यूबवर नॅस लावायचे शेकडो व्हिडिओ आहेत. जवळजवळ सगळे बटणांपासून सुरुवात करतात. मी उलटं सांगतो. पहिला तास मशीनसमोर बसूच नका. एक वही घ्या आणि सहा रकाने आखा:

- डिव्हाइस कोणतं (उदा. रिसेप्शनचा कॉम्प्युटर)
- मालकी कोणाची, धंद्याची की त्या माणसाची स्वतःची
- वापरतं कोण
- नॅसवर काय काम करतं
- कोणत्या फोल्डरपर्यंत, नुसतं बघायला की बदलायलासुद्धा
- कधीपर्यंत

लिहायला बसलात की गंमत कळेल. पहिली चार-पाच नावं झरझर येतील. मग आठवेल, स्मार्ट टीव्हीसुद्धा त्याच वायफायवर आहे. सीसीटीव्हीचा डीव्हीआर आहे. प्रिंटर आहे. दिवाळीत आलेल्या भाच्याला पासवर्ड दिला होता. समोरच्या दुकानदाराने "जरा नेट द्या ना" म्हणून घेतला होता, तो आजही चालू आहे. दोन महिने इंटर्नशिपला आलेली मुलगी स्वतःचा लॅपटॉप आणायची.

आता प्रत्येक नावापुढे तीनपैकी एक खूण करा. कायम आत: धंद्याच्या मालकीची, तुम्ही अपडेट करता ती मशीन. कामापुरतं: फ्रीलान्सर, इंटर्न, हिशोबनीस, यांना ठरावीक फोल्डर आणि ठरावीक तारखेपर्यंत. कधीच नाही: टीव्ही, कॅमेरे, पाहुणे, शेजारी, आणि हो, मुलं ज्यावर गेम खेळतात तो तुमचा स्वतःचा जुना मोबाइलसुद्धा.

शेवटचा रकाना, "कधीपर्यंत", सगळ्यात महत्त्वाचा. आपल्याकडे प्रवेश देताना घाई असते आणि काढून घ्यायला कोणाला आठवत नाही. तारीख लिहिली की तीच आठवण करून देते.

मॅक फिल्टर लावलं की काम झालं?

अर्धवट माहितीने सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून थोडं सविस्तर.

प्रत्येक डिव्हाइसच्या नेटवर्क कार्डाला एक क्रमांक असतो, मॅक अ‍ॅड्रेस, बारा अक्षर-आकड्यांचा. गाडीच्या नंबर प्लेटसारखा. राउटरमध्ये "एवढ्याच नंबरांना आत सोड" अशी यादी करता येते. ऐकायला एकदम भारी वाटतं. पण दोन अडचणी आहेत.

पहिली, नंबर प्लेट बदलता येते. थोडंफार येणारा कुणीही आपल्या लॅपटॉपला दुसऱ्याचा मॅक अ‍ॅड्रेस लावू शकतो. त्यासाठी महागडं सॉफ्टवेअरही लागत नाही.

दुसरी अडचण रोजच्या वापरातली. अँड्रॉइड १० आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून मोबाइल आपला खरा मॅक अ‍ॅड्रेस सांगत नाहीत, प्रत्येक वायफायला एक बनावट क्रमांक देतात. तुमच्या खासगीपणासाठी ते चांगलंच आहे. पण तुम्ही यादीत एक क्रमांक लिहिता, मोबाइल फॉरमॅट केला किंवा ते वायफाय विसरून परत जोडलं की क्रमांक वेगळा येऊ शकतो, आणि मग "सर, नेट चालत नाही" सुरू होतं. दोनदा असं झालं की मालक वैतागून फिल्टरच बंद करून टाकतो. ऑफिसच्या मोबाइलपुरता हा पर्याय त्या वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करावा लागतो.

मग मॅक फिल्टर निरुपयोगी का? नाही. शिस्तीसाठी ते उपयोगी आहे. चुकून, सवयीने, विचारपूस न करता जोडली जाणारी मशीन त्याने थांबतात. पण त्याला कुलूप समजू नका, कुंपण समजा. कुंपणाच्या आत घराला दरवाजा लागतोच.

दरवाजा लावायचा कसा

वही तयार झाली की हे काम एका दुपारचं आहे. क्रम मात्र सोडू नका.

१. दोन वायफाय करा. आजकालच्या बहुतेक राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क असतं. "कधीच नाही" यादीतली सगळी डिव्हाइस तिकडे हलवा. गेस्टमधून आतल्या नेटवर्कपर्यंत जाता येईल असा पर्याय चालू नाही ना, ते तपासा. मग मुख्य वायफायचा पासवर्ड बदला आणि नवीन पासवर्ड भिंतीवर चिकटवू नका. भिंतीवर गेस्टचा चिकटवा.

२. आतल्या मशीनना कायमचा पत्ता द्या. राउटरमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन नावाचा भाग असतो. तिथे रिसेप्शनच्या कॉम्प्युटरला, समजा, १९२.१६८.१.५० हा पत्ता कायमचा द्यायचा. रोज पत्ता बदलत राहिला तर पुढची पायरी चालणार नाही.

३. नॅसचं फायरवॉल चालू करा. सिनॉलॉजीमध्ये ते कंट्रोल पॅनलच्या सिक्युरिटीत आहे, क्यूनॅपमध्ये क्यूफायरवॉल नावाचं अ‍ॅप आहे. नियम सोपा: वहीतल्या "कायम आत" आणि "कामापुरतं" पत्त्यांना परवानगी, बाकी सगळ्यांना नकार. एक काळजी घ्या. सगळ्यात आधी स्वतःच्या कॉम्प्युटरचा पत्ता परवानगीत टाका, चालतंय याची खात्री करा, आणि नकाराचा नियम अगदी शेवटी लावा. नाहीतर किल्ली आत आणि आपण बाहेर.

४. प्रत्येकाला वेगळं खातं. "ऑफिस" नावाचं एकच खातं सगळ्यांनी वापरायचं, हा प्रकार आजच बंद. फाइल कोणी उडवली हे कळणारच नाही, आणि एक माणूस सोडून गेला की सगळ्यांचा पासवर्ड बदलावा लागेल. मूळचं "अ‍ॅडमिन" खातं बंद करून वेगळ्या नावाचं बनवा, पाहुण्यांसाठीचं गेस्ट खातं बंद ठेवा, आणि मालकाच्या खात्याला मोबाइलवर कोड येणारी दुसरी पायरी लावा. रोजचं काम मात्र त्या मालकाच्या खात्यातून करू नका, त्यासाठी स्वतःलाही साधं खातं द्या.

५. फोल्डर वाटून द्या. ज्याला नुसतं बघायचंय त्याला बदलायचा हक्क कशाला? अल्बम डिझाइन करणाऱ्याला मूळ फोटो वाचायला पुरेत. हिशोबाच्या फोल्डरशी त्याचा संबंधच नाही. रॅन्समवेअर ज्या खात्यातून शिरतं, त्या खात्याला जेवढं बदलता येतं तेवढंच ते बिघडवू शकतं. हात जितका लांब तितकं नुकसान मोठं.

६. जुनी पद्धत बंद, अपडेट चालू. नॅसच्या सेटिंगमध्ये एसएमबीची किमान आवृत्ती दुसरी ठेवा. अपडेट आलं की टाका.

फायरवॉललाही मर्यादा आहे हे सांगायला हवं. आत शिरलेला हुशार माणूस परवानगी असलेला पत्ता आपल्या मशीनला हाताने देऊ शकतो. म्हणूनच चौथी आणि पाचवी पायरी. एकेक थर पातळच असतो, सगळे मिळून भिंत होते.

बाहेरून फाइल लागतात त्याचं काय?

लागतातच. साइटवर उभं राहून ड्रॉइंग बघायचं असतं, रात्री घरून कोटेशन पाठवायचं असतं. त्यासाठी सोपा दिसणारा मार्ग म्हणजे राउटरमध्ये पोर्ट उघडून नॅस थेट इंटरनेटवर आणणं. डेडबोल्टवाल्यांना असेच डबे सापडले.

बरोबर मार्ग आहे व्हीपीएन. वायरगार्ड, ओपनव्हीपीएन, टेलस्केल, यातलं कोणतंही चालेल. व्हीपीएनमध्ये ज्या डिव्हाइसला तुम्ही स्वतः किल्ली दिली तेच आधी ऑफिसच्या नेटवर्कमध्ये येतं, आणि मगच त्याला नॅस दिसतं. बाकी जगाला नॅस आहे हेच कळत नाही. आणि मॅक अ‍ॅड्रेससारखी ही किल्ली बघून नक्कल करता येत नाही. मोबाइल हरवला तर त्या एकाच मोबाइलची किल्ली रद्द करायची, बाकीच्यांचं काम चालू. राउटरमधलं यूपीएनपी मात्र बंद करा, कारण ते चालू असलं की आतलं एखादं डिव्हाइस तुम्हाला न विचारता बाहेरचं दार उघडून ठेवू शकतं.

"एवढी कटकट कशाला, सगळं क्लाउडवरच टाकू," असंही काहीजण म्हणतील. टाका. दोघा-तिघांच्या कामाला तेच बरं पडेल. पण वहीपासून सुटका नाही. क्लाउडवरही कोणत्या मोबाइलमध्ये, कोणत्या जुन्या लॅपटॉपमध्ये खातं उघडं राहिलंय हे बघावंच लागतं. जागा बदलली तरी किल्ल्यांचा हिशोब तोच.

माणसं दुखावली तर?

तांत्रिक भाग सोपा आहे. अवघड आहे ते हे. दहा वर्षं सोबत असलेल्या माणसाला "तुमचा घरचा लॅपटॉप आता नॅसला चालणार नाही" असं सांगायचं कसं? तो म्हणणार, "शेठ, माझ्यावर विश्वास राहिला नाही का?"

या एका वाक्याच्या भीतीने अनेक मालक काहीच करत नाहीत. माझा सल्ला असा, नियम कोणा एकाला सांगू नका, सगळ्यांना एकत्र बसवून सांगा आणि सुरुवात स्वतःपासून करा. "माझा जुना मोबाइलसुद्धा मी काढून टाकलाय, तो मुलांच्या हातात असतो." मग समजावा, की विश्वास माणसावर आहे, शंका मशीनवर आहे. आणि उद्या एखादी फाइल गायब झाली, तर सामाईक खातं असताना संशय सगळ्यांवर जातो. ज्याचं वेगळं खातं आहे त्याचं प्रामाणिकपण नोंदीतूनच दिसतं. खरा विश्वासू माणूस हे ऐकून नाराज होत नाही, सुटका झाल्यासारखं त्याला वाटतं. गल्ल्यावर बसणारा शहाणा माणूस संध्याकाळी स्वतःहूनच म्हणतो ना, "शेठ, मोजून घ्या."

आणि ज्याला घरी खरंच काम करावं लागतं, त्याला धंद्याचा लॅपटॉप द्या. सेकंडहँड चालेल. पण तो तुमचा असला पाहिजे आणि त्यावर फक्त काम झालं पाहिजे. "माझं साधन वापर, पण तुझ्या साधनाने येऊ नकोस" हे सांगायचं असेल तर साधन देणं मालकाची जबाबदारी. नुसता नियम आणि साधन शून्य, असं केलंत तर माणसं व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवून काम उरकतील. मग नॅस असून नसल्यासारखं.

माणूस काम सोडून जातो त्या दिवसाची पद्धतही आत्ताच ठरवा. हिशोब चुकता करताना, चहा पिऊन निरोप देताना, त्याच दिवशी: नॅसचं खातं बंद, व्हीपीएनची किल्ली रद्द, फायरवॉलमधला पत्ता काढला, वायफायचा पासवर्ड बदलला, वहीत तारीख लिहिली. पंधरा मिनिटांचं काम. भांडून गेलेल्यालाही हेच आणि आनंदाने गेलेल्यालाही हेच. सगळ्यांना सारखंच असलं की कोणाचा अपमान होत नाही.

कायदा काय म्हणतो

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत दिलेली आहे. गिऱ्हाइकाची वैयक्तिक माहिती तुमच्याकडे असेल तर ती सुरक्षित ठेवायची वाजवी व्यवस्था करणं तुमच्यावर बंधनकारक होतंय. त्या व्यवस्थेत कोण पोहोचू शकतं यावर नियंत्रण, त्याच्या नोंदी आणि बॅकअप, हे नियमांतच लिहिलंय. दंडाची वरची मर्यादा २५० कोटी रुपये आहे. हा आकडा सांगून तुम्हाला घाबरवायचं नाहीये, तो मोठ्यात मोठ्या प्रकरणासाठीचा कमाल आकडा आहे. पण उद्या कुणी विचारलं, "तुम्ही काय काळजी घेतली होती?", तर दाखवायला ती वही हातात असेल.

आणि तरीही बॅकअप

हे सगळं केलंत तरी परवानगी असलेलं एखादं मशीन बिघडू शकतं. त्यासाठी ३-२-१ चा जुना नियम: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक ऑफिसच्या बाहेर. नॅसमधल्या दोन डिस्क एकमेकींची नक्कल करतात म्हणून तो बॅकअप झाला असं समजू नका. एका डिस्कवर फाइल कुलूपबंद झाली की दुसरीवरही त्याच क्षणी होते. दर आठवड्याला एक बाहेरची डिस्क लावायची, प्रत घ्यायची, काढून घरी न्यायची. केबल काढलेल्या डिस्कपर्यंत कोणताच व्हायरस पोहोचत नाही. त्या डिस्कचं नाव वहीत सगळ्यात वर लिहा, तिच्यापुढे लिहा: फक्त मालक.

या आठवड्याचा गृहपाठ एवढाच. नवीन काही विकत घेऊ नका. रविवारी सकाळी वही घ्या, राउटरमध्ये जाऊन जोडलेल्या डिव्हाइसची यादी उघडा, आणि एकेका नावापुढे विचारा, "हे कोणाचं?" ज्या नावाचं उत्तर सापडणार नाही, त्याच्यापासून कामाला सुरुवात करा.

किती नावं अनोळखी निघाली ते कमेंटमध्ये नक्की लिहा. आकडा लिहा, डिव्हाइसची नावं नको!